बोट दाखवावे की हुकूम द्यावा?



बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या रस्त्यावर वडगाव निंबाळकर हे गाव आहे. आसपास उसाची शेते, नीरा डाव्या कालव्याचे पाणी आणि जवळच सोमेश्वर सहकारी साखर कारखाना. अशा गावातल्या एखाद्या किराणा दुकानात तुम्ही गेला आहात आणि तुम्हाला मराठी मुळीच येत नाही, अशी कल्पना करा. तरीही तुमचे काम अडत नाही. साखरेच्या पोत्याकडे बोट दाखवायचे, दोन बोटे वर करायची, पैसे द्यायचे. दुकानदार दोन किलो साखर बांधून देतो.

पण समजा, तुम्हाला असे सांगायचे आहे : "तूरडाळ नवी असेल तर दोन किलो द्या, जुनी असेल तर अर्धा किलोच द्या, आणि उद्या गूळ आला तर आमच्यासाठी एक ढेप बाजूला ठेवा." हे बोटाने कसे सांगणार? डाळीकडे बोट दाखवता येते, गुळाकडे दाखवता येते. परंतु 'असेल तर', 'नसेल तर', 'उद्या', 'आमच्यासाठी' यांच्याकडे बोट दाखवता येत नाही. त्यासाठी भाषाच लागते. तुम्ही मराठी ही दुसरी भाषा म्हणून शिकत आहात. म्हणून बोट दाखवणे आणि बोलणे यांतला फरक तुम्हाला इतरांपेक्षा लवकर समजेल.

संगणकाशी व्यवहार करण्याचेही असेच दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग तुम्हाला ठाऊक आहे. पडद्यावर लहान लहान चित्रे असतात. माऊस हलवून एखाद्या चित्रावर बाण न्यायचा आणि कळ दाबायची. मोबाइल असेल तर सरळ बोटच टेकवायचे. याला आपण चित्र-पद्धत म्हणू. दुसऱ्या मार्गात चित्रे नसतात. बहुधा काळा पडदा असतो आणि त्यावर एक लहानशी रेघ लुकलुकत असते. कळफलकावर आपण शब्द टाइप करायचे आणि 'एंटर'ची कळ दाबायची. संगणक तो शब्द वाचतो आणि सांगितलेले काम करतो. याला इंग्रजीत 'कमांड लाइन' म्हणतात. कमांड म्हणजे आज्ञा. तुमच्या उर्दूतला 'हुक्म' मराठीत 'हुकूम' होऊन कधीच स्थायिक झाला आहे. म्हणून या दुसऱ्या मार्गाला आपण हुकूम-पद्धत म्हणायला हरकत नाही.

आता प्रश्न असा, की संगणक नव्याने शिकणाऱ्याला आधी काय शिकवावे? आणि केवळ एकच पद्धत शिकवून थांबावे काय? या प्रश्नावर जाणकारांतही दोन तट आहेत. माझे मत मी पुढे मांडणार आहे. पण त्याआधी या दोन पद्धती आपल्याकडे कशा आल्या ते पाहू.

हुकूम-पद्धत वयाने मोठी. १९८४-८५ साली भारत सरकारने शाळांतून संगणकाची ओळख करून देण्यासाठी 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यासाठी 'बीबीसी मायक्रो' नावाचे संगणक निवडले होते. हा संगणक सुरू केला, की पडद्यावर एकही चित्र दिसत नसे. तुम्ही काय सांगता याची तो वाट पाहत बसे. त्याच काळात कार्यालयांत येऊ लागलेल्या संगणकांवर 'एमएस-डॉस' ही प्रणाली असे. ही प्रणाली १९८१ साली आली. तिच्यातही सारा कारभार शब्दांनीच चाले. संगणकात कोणकोणती कागदपत्रे आहेत हे पाहायचे असेल तर 'डीआयआर' असे टाइप करावे लागे.

चित्र-पद्धतीची कल्पनाही तशी जुनीच आहे. अमेरिकेत डग्लस एंगेलबर्ट या संशोधकाने ९ डिसेंबर १९६८ रोजी माऊस लोकांसमोर चालवून दाखवला होता. पुढे १९८४ साली 'मॅकिंटॉश' हा चित्रांचा संगणक बाजारात आला, आणि १९९५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या 'विंडोज ९५' ने ही पद्धत घरोघरी नेली. महाराष्ट्रात २००२ साली 'एमएस-सीआयटी' हा अभ्यासक्रम सुरू झाला. गावोगावच्या केंद्रांत लाखो लोकांनी तो पूर्ण केला. विद्यार्थी, शिक्षक, शासकीय कर्मचारी, गृहिणी अशा सर्वांना त्याने संगणकासमोर बसवले. त्यांच्या बोटांना जी सवय लागली ती चित्रांची आणि माऊसची. आज हातात मोबाइल आल्यापासून तर हुकूम-पद्धत असे काही असते, हेच पुष्कळांना माहीत नाही.

चित्र-पद्धतीची बाजू घेणारे जे सांगतात त्यात तथ्य आहे. ते आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

पहिली गोष्ट, चित्र ओळखणे सोपे असते आणि शब्द आठवणे अवघड असते. रस्त्यात भेटलेल्या माणसाचा चेहरा आपण चटकन ओळखतो, पण नाव काही केल्या आठवत नाही. हुकूम-पद्धतीत प्रत्येक हुकमाचे नाव आठवावेच लागते. दुसरी गोष्ट, हुकमात एक अक्षर चुकले तरी संगणक ऐकत नाही. नवशिक्याला याची धास्ती बसते. तिसरी गोष्ट, काही हुकूम धोक्याचे असतात. चित्र-पद्धतीत पुसलेली फाइल सहसा कचरापेटीत जाऊन पडते, तेथून ती परत आणता येते. हुकूम देऊन पुसलेली फाइल मात्र बहुधा कायमची जाते, आणि पुष्कळदा संगणक "नक्की ना?" असे विचारतही नाही.

चौथी गोष्ट तुमच्याशी विशेष संबंधित आहे. हुकमाचे शब्द इंग्रजी असतात. ज्याची घरची भाषा उर्दू आणि शाळेतली दुसरी भाषा मराठी, त्याच्यावर हे आणखी एक ओझे. शिवाय काळ्या पडद्यावर उर्दू लिहायला गेले तर अनेकदा जोडलेली अक्षरे सुटी होतात, उजवीकडून डावीकडे जाणारी ओळ उलटी पडते. मराठीचे काना-मात्रेही जागा सोडतात. उर्दू लिपीला संगणकावर तिचे सौंदर्य मिळाले ते चित्र-पद्धतीतच. १९९४ साली भारतात तयार झालेल्या 'इनपेज' या प्रणालीमुळे नस्तालिक अक्षरे पडद्यावर जशी दिसतात तशीच कागदावर उतरू लागली. एके काळी उर्दू वर्तमानपत्राची पाने कातिब हाताने लिहीत. ते काम पुढे संगणकाकडे गेले. हे उपकार विसरून चालणार नाही.

मग हुकूम-पद्धतीचा आग्रह कशासाठी? याचे उत्तर शोधताना मला दिल्लीतला एक प्रयोग महत्त्वाचा वाटतो. जानेवारी १९९९ मध्ये सुगत मित्र या शास्त्रज्ञाने दिल्लीच्या कालकाजी भागात, झोपडवस्तीला लागून असलेल्या एका भिंतीला भगदाड पाडून त्यात संगणक बसवला. शिकवायला कोणी नव्हते. वस्तीतल्या मुलांनी पूर्वी संगणक हाताळला नव्हता आणि त्यांना इंग्रजीही फारसे येत नव्हते. तरी ती मुले पाहता पाहता बाण हलवू लागली, चित्रे काढू लागली, इंटरनेटवर फिरू लागली. पुढे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही असे संगणक बसवले गेले.

या प्रयोगाचे कौतुक पुष्कळ झाले. पण त्यातून एक साधा निष्कर्ष निघतो, त्याकडे आपण कमी लक्ष दिले. चित्रांवर बोट ठेवणे मुले आपली आपण शिकतात. तुमच्या घरातला तीन वर्षांचा भाऊ मोबाइल कसा चालवतो ते पाहा. त्याला कोणी शिकवले? मग जी गोष्ट न शिकवता येते तिच्यासाठी शाळेने वर्षभराच्या तासिका का खर्च कराव्यात? शाळा असते ती आपोआप न येणाऱ्या गोष्टींसाठी. चालणे मूल घरी शिकते, पण गुणाकार शाळेत शिकवावा लागतो. संगणकातला गुणाकार म्हणजे हुकूम देणे.

एक उदाहरण घ्या. नववीच्या वर्गात ४० विद्यार्थी आहेत. प्रत्येकाचे काम वेगळे ठेवण्यासाठी संगणकात ४० फोल्डर करायचे आहेत. फोल्डर म्हणजे कागद ठेवण्याचा कप्पा. चित्र-पद्धतीने एका फोल्डरसाठी माऊसची उजवी कळ दाबा, यादीतून 'नवीन' निवडा, 'फोल्डर' निवडा, नाव टाइप करा, एंटर दाबा. हे चाळीस वेळा करा. मध्ये कोणी हाक मारली, की कितवा झाला हे विसरलात! हुकूम-पद्धतीत एकच ओळ लागते. तिचा अर्थ असा : '१ ते ४० यांपैकी प्रत्येक अंकाच्या नावाने एक फोल्डर तयार कर.' डोळ्याचे पाते लवते न लवते तोच काम होते. चाळीसच्या जागी चारशे लिहिले तरी तुमचे श्रम तेवढेच.

'यांपैकी प्रत्येक', 'असेल तर', 'होईपर्यंत' हे शब्द चित्रात मावत नाहीत. पडद्यावर मांडलेली चित्रे म्हणजे दुसऱ्या कोणीतरी आधीच विचार करून मांडलेली कामे. त्यांतून निवड करता येते. पण जे काम त्याला सुचलेच नव्हते, त्याचे चित्र तेथे नसते. हुकूम देणारा मात्र चार लहान हुकूम जोडून पाचवे, कोणी न केलेले काम करून घेऊ शकतो. जसे थोडक्या शब्दांतून आपण रोज नवी वाक्ये करतो, तसेच हे आहे.

दुसरा फायदा टिकाऊपणाचा. चित्रांची मांडणी वारंवार बदलते. २००७ सालच्या 'ऑफिस'मध्ये वरच्या जुन्या याद्या जाऊन नवी पट्टी आली. २०१२ साली आलेल्या 'विंडोज ८' मधून 'स्टार्ट'चे बटण नाहीसे झाले आणि पुढच्या वर्षी ते परत आणावे लागले. 'डाव्या कोपऱ्यातले तिसरे चित्र' असे पाठ केलेल्या माणसाची दर वेळी पंचाईत होते. याउलट १९८१ सालचा 'डीआयआर' हा हुकूम आजच्या विंडोजमध्येही चालतो. 'युनिक्स' या प्रणालीतला 'एलएस' हा हुकूम १९७१ पासून आहे आणि त्याच वळणावर घडलेल्या लिनक्समध्ये आजही तसाच आहे. जे एवढी वर्षे बदलले नाही ते शिकण्यात घातलेला वेळ वाया कसा जाईल?

तिसरा फायदा लेखी पुराव्याचा. हुकूम वहीत उतरवता येतो, दुसऱ्याकडून तपासून घेता येतो, पुढच्या वर्षी पुन्हा वापरता येतो. माऊस कोठे कोठे फिरवला हे कोणी वहीत लिहून ठेवत नाही. फोनवरून कोणाला मदत करून पाहा. "वर एक निळे चित्र आहे ना, त्याच्या शेजारचे… नाही, ते नव्हे…" असे बोलण्यातच अर्धा तास जातो. हुकूम असेल तर अक्षरे सांगितली की झाले.

आपल्या ग्रामीण शाळांसाठी तर यातच एक मोठी सोय आहे. जेथे एका संगणकाभोवती चार-पाच मुले बसतात, तेथे माऊस एकाच्या हाती असतो. बाकीची मुले पाहत राहतात, आणि बहुधा मुलींच्या वाट्याला पाहणेच येते. हुकूम मात्र सगळ्यांना एकाच वेळी वहीत लिहिता येतो. 'या हुकमाने काय होईल?' याचा अंदाज प्रत्येकाने बांधायचा आणि मग संगणकावर तो खरा ठरतो का ते पाहायचे. संगणक एक असला तरी विचार पाच जण करतात. शिवाय त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. चित्रांनी दमून जाणारा जुना संगणकही शब्द ऐकायला पुरेसा असतो.

तुम्ही म्हणाल, "आम्हाला थोडेच शास्त्रज्ञ व्हायचे आहे?" पण ते तरी कोणी आधीच का ठरवावे? पुण्यात १९८८ साली 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली आणि १९९१ मध्ये तिने 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. अशा महासंगणकांवर काम करणारे शास्त्रज्ञ आजही हुकूम टाइप करूनच आपले काम त्यांच्याकडे सोपवतात. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. वडगाव निंबाळकरपासून पुणे काही परदेशी नाही. तेथल्या खुर्चीत बसणाऱ्याला हुकूम देता यावा लागतो. ज्याला फक्त बोट दाखवता येते, त्याला इतरांनी आखलेल्या चौकटीत माहिती भरत बसण्याचे काम मिळते. तेही काम प्रामाणिक आहे. पण आपल्या मुलांची मजल तेथेच का थांबावी?

आणि आता तर शब्दांचे दिवस परत येत आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' लोकांसमोर आले. तेव्हापासून माणसे संगणकाला साध्या वाक्यात काम सांगू लागली आहेत. मराठीत सांगा, उर्दूत सांगा, तो समजून घेण्याचा प्रयत्न करतो. कोणी म्हणेल, मग हुकूम शिकायची गरजच संपली. मला उलट वाटते. हुकूम-पद्धत आपल्याला नेमके सांगायला शिकवते : काय करायचे, कशावर करायचे, किती वेळा करायचे, केव्हा थांबायचे. ज्याला ही शिस्त लागली तो नव्या यंत्राकडूनही हवे ते काम करून घेईल आणि ते बरोबर झाले का हे तपासूनही पाहील. ज्याला ती नाही, तो मिळेल ते उत्तर मुकाट्याने घेईल.

म्हणून माझे मत असे आहे. सुरुवात चित्रांनी करावी. पहिले काही आठवडे मुलाने चित्रे काढावीत, आपले नाव उर्दूत आणि मराठीत लिहावे, यंत्राची भीती घालवावी. वाचन-लेखनासाठी चित्र-पद्धत पुढेही चालू राहावी. परंतु आठवीपासून आठवड्यातली एक तासिका तरी हुकमासाठी असावी. आधी पाच-सहाच हुकूम घ्यावेत : फाइलींची यादी पाहणे, एका फोल्डरमधून दुसऱ्यात जाणे, नवीन फोल्डर करणे, नक्कल करणे, नाव बदलणे. पुसण्याचा हुकूम सर्वांत शेवटी आणि केवळ सरावाच्या फाइलींवर शिकवावा. प्रत्येक हुकमाचा अर्थ मुलांनी आपल्या भाषेत लिहावा. 'एमडी' हा 'मेक डिरेक्टरी'चा संक्षेप आहे आणि त्याचा अर्थ 'नवा कप्पा कर' असा आहे, हे एकदा उर्दूत किंवा मराठीत समजले, की दोन इंग्रजी अक्षरांचे ओझे वाटत नाही.

यात शिक्षकांची अडचण मी जाणतो. अनेकांना स्वतःलाच ही पद्धत कोणी शिकवलेली नाही. पण पाच-सहा हुकूम शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र शिकू शकतात. चूक झाली तर संगणक रागावत नाही. 'हा हुकूम ओळखीचा नाही' एवढेच सांगतो. आपण अक्षरे तपासायची आणि पुन्हा लिहायचे. भाषा शिकताना आपण याहून वेगळे काय करतो?

मित्रांनो, तुमच्या शाळेत संगणक असेल तर त्याच्या पडद्यावरच्या शोधपट्टीत 'सीएमडी' ही तीन इंग्रजी अक्षरे टाइप करण्याची परवानगी शिक्षकांकडे मागा. विंडोजचा संगणक असेल तर काळा पडदा उघडेल. त्यावर 'डीआयआर' लिहा आणि एंटर दाबा. या हुकमाने काही पुसले जात नाही, काही बिघडत नाही. नावांची एक लांब यादी खाली सरकत जाईल. चित्रांच्या मागे काय दडले होते ते तुम्हाला दिसेल, आणि ते तुमच्या शब्दाने दिसेल.